झाकण न उघडलेली पेटी

सेव्हलिएव्होच्या बाजारात आम्हा गाब्रोवोवाल्यांवर जे विनोद सांगतात, त्यांतला एक असा: शिप्का खिंडीत गाब्रोवोच्या शिपायांनी तुर्कांवर दगड का फेकले? तर दगड फुकट होते, आणि काडतुसं खर्चायला त्यांचा जीव होत नव्हता.

लोक हसतात. मीही हसतो. गिऱ्हाईक हसत असताना त्याला थांबवू नये, तेवढा वेळ त्याचं तराजूकडे लक्ष नसतं. पण हसून झालं की मी सांगतो, बाबांनो, विनोद खरा आहे. काडतुसं होती, माझ्याजवळ होती, आणि मीच ती दिली नाहीत. आता बसा आणि पुढचंही ऐकून जा. अर्धा माल उचलून चालतं व्हायची आमच्याकडे रीत नाही.

माझं नाव मिन्यू. लढाईआधी मी गाब्रोवोत लोकरीचा गोफ विणणाऱ्या एका मालकाकडे लोकर तोलायला होतो. चिमटीत धरली की ओली किती, कोरडी किती, मेंढी डोंगरातली की सपाटीची, सांगायचो. आमच्यावर राज्य करणाऱ्या तुर्कांवर रशियाने चढाई केली आणि आमच्या लोकांची पलटण उभी राहू लागली, तेव्हा मी नाव दिलं. माझ्याबरोबर माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानेही दिलं. दानाइल दाजी. सेव्हलिएव्होचा कुंभार. त्याचं चाक एक वेळ थांबेल, तोंड नाही.

निघायच्या दिवशी त्सोनाताईने मला दाराशी धरलं.

"मिन्या, हा माणूस मी तुझ्याकडे ठेवायला देतेय. दिला तसा परत आण. उणा आणलास तर उंबरा ओलांडू देणार नाही."

"ताई, लढाई आहे ती. मी काय त्याला गोणीत घालून ठेवू?"

"गोणीत घाल, नाहीतर खिशात घाल. तुझ्या हातून कधी दमडी सुटली नाही, हा तरी कसा सुटेल?"

तर हा माझ्यावरचा बोजा. बाकीच्यांना देश सोडवायचा होता. मला देशही सोडवायचा होता आणि दाजीही.

जुलैत स्तारा झागोराला आम्ही हरलो. शहर मागे जळत होतं, आणि वाटेवर माणसं, गाढवं, अंथरुणं, पाळणे. त्या वाटेने आम्ही पुन्हा शिप्काच्या डोंगरात आलो. खिंडीच्या पाठीमागे, उताराच्या तळाशी, आमचं गाव. खिंड गेली की दुसऱ्या दिवशी गाव गेलं. हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

वर चढताना ती पेटी सापडली. वाटेवर पडली होती. पडली होती म्हणजे एका रशियन गाडीत होती, पण गाडीचा कणा मोडून ती आडवी झालेली, आणि गाडीवान दुसरी गाडी आणायला गेलेला. काडतुसांची पेटी, दोरीच्या कड्या, जाड खिळे, बाजूवर शिक्का. शिक्का चिखलाने भरला होता. पुसला असता तर पेटी कोणत्या पलटणीची ते वाचावं लागलं असतं, आणि वाचलं असतं तर परत करावी लागली असती. म्हणून मी पुसला नाही.

"मिन्यू, उघडून तरी बघ," दाजी म्हणाला.

"उघडली की सुरू होते, दाजी. बंद आहे तोवर शिल्लक."

गरुडाचं घरटं म्हणतात त्या कड्याच्या डाव्या खांद्यावर आम्ही सोळा जण आणि एक हवालदार होतो. पहिल्याच दिवशी आमचा हवालदार गेला, आणि काडतुसं वाटायचं काम माझ्याकडे आलं. कोणी नेमलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, एवढंच. मी दहा-दहा मोजून द्यायचो आणि देताना प्रत्येकाला विचारायचो, मागची दहा कुठे गेली?

"तुर्कांना दिली," त्रिफन म्हणायचा. "पावती घ्यायची राहिली बघ."

हा त्रिफन त्र्याव्हनाचा, लाकडावर नक्षी कोरणारा. त्याच्या गावात छताच्या मधोमध लाकडी सूर्य कोरतात. श्रीमंताच्या घरी मोठा, गरिबाच्या घरी धाकटा. पटाशी त्याने बुटात खोचून आणली होती. दुसऱ्या दिवशी तुर्कांनी नुसत्या तोफा चालवल्या. आम्ही दगडाआड पडून होतो, तेव्हा तो पेटीजवळ सरकला.

"मिन्यू, झाकणाचं लाकूड चांगलं आहे रे. कोरू?"

"कोर. पण उघडू नकोस."

"उघडतो कशाला. वर सूर्य, आत अंधार."

"कोर बाबा, कोर," दाजी म्हणाला. "या मिन्यूचं लग्न ठरलं की नवरीला हीच पेटी द्यायची. तीही जन्मभर न उघडता ठेवेल."

त्रिफनने खडूने सोळा किरणं आखली. आम्ही सोळा, म्हणून सोळा. आदल्या दिवशी पडलेला हवालदार सतरावा होता. त्याला मधला गोल दिला. संध्याकाळपर्यंत सात किरणं कोरून झाली.

तिसऱ्या दिवशी, अकरा ऑगस्टला, पहाटेपासून तुर्क तिन्ही बाजूंनी चढू लागले. ऊन असं, की बंदुकीच्या नळीला हात लावला तर कातडी चिकटे. पाणी दोन दिवस नव्हतं. झरा खाली घळीत होता, आणि घळ त्यांच्या नेमाखाली. आमचे दोघे मशका घेऊन गेले ते तिथेच राहिले. तोंडात खडे धरून आम्ही थुंकी शोधत होतो. खरं सांगायचं तर खालून चढणाऱ्यांचीही तीच गत होती. एक तर अगदी जवळ येऊन पडला. त्याचीही जीभ आमच्यासारखीच काळी होती.

सकाळी माणशी बावीस काडतुसं होती. नऊच्या सुमाराला चौदा. मग सहा. मग मी मोजायचं थांबलो, कारण शून्य मोजायला वेळ लागत नाही.

"आता पेटी," दाजी म्हणाला.

"अजून नाही."

"मग कधी? नाताळात?"

मी खूण ठरवलेली होती. उताराच्या टोकाला वीज पडून दुभंगलेलं एक बीचचं झाड होतं. आमच्या कड्याची सावली दुपारनंतर त्याच्याकडे सरकायची. सावली बीचला टेकली की पेटी उघडायची, त्याआधी नाही. तोवर दगड. दगड भरपूर होते. हात दोन होते. संध्याकाळी आणखी मोठी चढाई होणार, हे माझं अनुमान. आणि हातातलं सगळं दुपारीच उधळणारा माणूस संध्याकाळी लोकांच्या दारात उभा राहतो, हे माझ्या बापाचं शिकवणं.

आम्ही दगड लोटले. एवढा मोठा धोंडा दोघांनी सोडला की तो उड्या मारत जायचा, आणि खालून आरोळी यायची, मग शांतता. मग पुन्हा त्यांचे ढोल. अशा दोन चढाया आम्ही नुसत्या दगडांवर परतवल्या, आणि मला, देवाशपथ, बरं वाटत होतं. पेटी अजून भरलेली होती.

तिसरीच्या वेळी त्रिफन माझ्याशेजारी आला. ओठ फुटलेले, त्यावर रक्त वाळलेलं.

"मिन्यू, चार दे."

"बीचला सावली टेकू दे."

"सावली खाली चाललीय, आणि ते वर येतायत. आधी कोण पोचेल असं तुला वाटतं?"

"आत्ता संपवली तर संध्याकाळी काय करशील?"

"संध्याकाळ येणार असं तुला कोणी सांगितलं?"

"त्रिफन, ऐक जरा."

"बरं, दोन दे. एक उजवीकडच्या त्या निशाणवाल्याला, एक हाताशी. फक्त दोन."

"नाही," मी म्हणालो.

तो रागावला नाही. खांदे उडवले, रिकामी बंदूक दगडाला टेकून ठेवली आणि एका मोठ्या धोंड्याला दोन्ही हात लावले. असा धोंडा हलवायचा तर उभं राहावं लागतं. तो उभा राहिला. धोंडा गेला. त्रिफनही मागच्या मागे बसला, छातीवर हात ठेवून, जसं कोणी पोटभर जेवून टेकून बसतं. निशाणवाला तोवर अर्ध्या उतारावर होता.

सावली बीचपासून दोन हात लांब होती.

मी सावलीची वाट पाहिली नाही. ती चढाई कशी थोपवली ते मला आठवत नाही, कोणीतरी बंदुकीचे दस्ते चालवले. आठवतं ते एवढंच, की ढोल थांबल्याबरोबर मी संगीन घेऊन पेटीवर बसलो आणि खिळे उपसले. सूर्याला ओरखडा पडू नये म्हणून झाकण कडेने उचललं.

आत पितळ होतं. ओळीने, चकचकीत, अंगठ्याएवढं जाड.

आमच्या बंदुका फ्रेंच बनावटीच्या. त्यांना कागदात गुंडाळलेलं बारीक काडतूस लागे. हे पितळी काडतूस रशियनांच्या बंदुकांचं. आमच्या नळीत ते शिरणं म्हणजे बैल उंदराच्या बिळात शिरणं.

दाजीने एक उचललं, बंदुकीला लावून बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"लोकर तोलणारा," तो हळूच म्हणाला. "चिमटीत धरून मेंढीचं गाव सांगणारा! तीन दिवस या पेटीवर बसलास, चार वेळा इकडून तिकडे उचललीस. वजन नाही कळलं?"

"कळलं होतं. जड वाटली. वाटलं, जास्त असतील."

"आणि झाकण? अरे, सेव्हलिएव्होतलं शेंबडं पोरही टोपलीतलं खालचं अंडं बघितल्याशिवाय घेत नाही."

"फुकटची होती, दाजी."

तो हसायला लागला. आधी तो, मग बाकीचे. आम्ही नऊ उरलो होतो, आणि नऊच्या नऊ फुटक्या ओठांनी हसत होतो, ओठांतून रक्त येत होतं, खाली तुर्कांना वाटलं असेल यांच्याकडे पाणी पोचलं.

मी हसत नव्हतो. पुढे पुष्कळांनी मला एक समाधान देऊ केलं: पेटी उघडली असतीस तरी त्रिफनच्या उपयोगाची नव्हती, मग दोष तुझा कसा? मी ते घेतलं नाही, आजही घेत नाही. मी त्याला नाही म्हणालो तेव्हा माझ्या हिशेबी पेटीत सहाशे काडतुसं होती. सहाशेतली दोन त्याने मागितली, आणि मी नाही म्हणालो. पेटीत काय निघालं हे नंतरचं.

"आता हे पितळ घेऊन काय करायचं?" कोणीतरी विचारलं. "फेकून मारायचं?"

उजवीकडे दोनशे पावलांवर रशियनांची तुकडी होती. त्यांच्याही बंदुका मघापासून गप्प होत्या; तेही संगिनीवर आले होते. मधली धार उघडी, टक्कल पडल्यासारखी.

मी एक कडी धरली. "कोणाचा माल आहे त्यांना नेऊन देतो."

दाजीने दुसरी धरली.

"तू नाही," मी म्हणालो. "ताईने सांगितलंय."

"तिने तुला मला सांभाळायला सांगितलं. मी इथे आणि तू तिथे, मग सांभाळणार कसा? उचल."

पेटी एरवी मी एकट्याने नेली असती. पण त्या दिवशी आम्ही दोघे मिळून एक माणूस होतो. दोनशे पावलांत मी आयुष्यात केला नाही एवढा नवस केला, आणि प्रत्येक मेणबत्ती आधीपेक्षा लहान बोललो. दगडावर गोळी आपटली की दाजी म्हणायचा, "ही मला नव्हती. ही तुला होती. ही पेटीला होती, पेटी फुटली तर तू रडशील."

रशियनांचा हवालदार येफिम नावाचा, दाढी धुळीने पांढरी झालेली. पेटीत डोकावला आणि छातीवर क्रूस काढला. त्याची बोली आणि आमची चुलतबहिणी, भागतं. फक्त मान हलवायची नाही, आमचा होकार त्यांच्याकडे नकार असतो.

"देवाने पाठवलं तुम्हाला!" येफिम म्हणाला.

"देवाने नाही, मी आणलीय," मी म्हणालो. "आणि फुकट देणार नाही."

त्याने दाजीकडे बघितलं. "हा काय म्हणतोय?"

"गाब्रोवोचा आहे," दाजी म्हणाला. "स्वतःच्या मयताला पाद्र्याशीही घासाघीस करेल. ऐकून घ्या, लवकर होईल."

"तिनातली एक गोळी आमच्या उतारावर मारायची," मी म्हणालो. "इथून तो सगळा आडवा दिसतो. आमच्याकडे दगडाशिवाय काही नाही."

येफिम माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हातातलं काडतूस बंदुकीत घातलं.

"अर्ध्या घे, भाऊ. आणि जा आता, ते येतायत."

मला लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा मागितल्यापेक्षा जास्त मिळालं होतं, आणि आभार कसे मानतात ते आठवेना. मी वळलो, तर दाजी झाकण काखेत मारत होता.

"ते कशाला?"

"पेटी त्यांची. झाकण त्रिफनचं."

परतीच्या वाटेवर, शंभराव्या पावलाला की एकशेदहाव्या, गोळी झाकणातून आरपार गेली आणि त्याच्या डाव्या कोपरातून. तो पडला नाही. शिव्या दिल्या, सेव्हलिएव्होच्या खास, त्या इथे सांगत नाही. मी त्याला कड्याआड ओढलं, माझ्या पट्ट्याने दंड आवळला.

"उणा झालास, दाजी."

"थोडाच. बाकीचा सांभाळ."

मग शेवटची चढाई आली. उजवीकडून येफिमच्या बंदुका बोलू लागल्या, आणि मी मोजत होतो. सवय जात नाही. एक त्याच्या उतारावर, एक आमच्या. एक त्याच्या, दोन आमच्या. माणूस कबुलीपेक्षा जास्त देत होता. तरी ते येतच राहिले. आम्ही दगड फेकले. दगड संपले. तोफेचं मोडकं चाक फेकलं, झाडांचे बुंधे लोटले. दाजी एका हाताने फेकत होता आणि ओरडत होता, "एकोणीस, मिन्यू! वीस! लिहून ठेव, सेव्हलिएव्होच्या नावावर लिही!"

आणि मग फेकायला काहीच उरलं नाही, तेव्हा आमच्या मेलेल्यांनी मदत केली. हे सांगताना बाजारातलं हसू थांबतं, थांबायलाच हवं. त्यांना आम्ही कड्यावरून सोडलं. त्रिफनला मी आणि दाजीने उचललं. त्याला मी दोन काडतुसं दिली नव्हती; त्याने अख्खा स्वतःला दिला. त्याची पटाशी तेवढी मी काढून घेतली.

तुर्क थबकले. संगिनींना न थांबलेली माणसं तिथे थबकली.

त्याच वेळी पाठीमागच्या रस्त्यावर धूळ दिसली. रशियनांच्या कोसॅक स्वारांचे घोडे, आणि एकेका घोड्यावर दोन-दोन माणसं; ताज्या दमाच्या रशियन बंदुकवाल्यांना पाठीशी बसवून पळवत आणलं होतं.

"बघ, बघ," दाजी म्हणाला. तो दगडाला टेकून बसला होता, राखेसारखा पांढरा. "एका घोड्याच्या चाऱ्यात दोन शिपाई. हे गाब्रोवोवाल्यानेच सुचवलं असणार."

सावली बीच ओलांडून कधीच पुढे गेली होती. खिंड आमचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाब्रोवोची माणसं गाढवांवर पाण्याची पिंपं लादून वर आली. त्यांत त्सोनाताई. जखमींच्या तंबूत तिने दाजीला शोधलं, पांघरूण वर केलं आणि बघितलं. कोपराच्या वरूनच हात कापून काढलेला होता.

"मी अख्खा दिला होता," ती मला म्हणाली.

"हो, ताई."

"हा आता चाक कसं फिरवणार?"

"चाक पायाने फिरतं, त्सोना," दाजी पडल्या पडल्या म्हणाला.

"आणि माती?"

"माती तू धर. बोलायचं काम मी करेन."

तिने त्याला पाणी पाजलं. मग तंबूतल्या सगळ्यांना. मला सर्वांत शेवटी. पण भांडं हातात आलं तेव्हा बघितलं, ते काठोकाठ होतं. आमच्या गावात काठोकाठ कोणी देत नाही, सांडतं म्हणून. उंबऱ्याचं ती पुन्हा बोलली नाही, मीही विचारलं नाही.

दगडांचा विनोद कोणी पसरवला, ते आता सांगतो. दाजीने. दर बाजारच्या दिवशी तो मडक्यांमागे बसून, उजव्या हाताने हातवारे करत, नव्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, आणि मी समोरून जात असलो तर आवाज चढवतो. मी थांबतो आणि माझा भाग सांगतो. एकदा एक तरणा, गुळगुळीत वकील म्हणाला, "म्हणजे दगड फुकटचे होते, हे कबूल?"

"दगड फुकटचे होते," मी म्हणालो. "खिंड नव्हती. ती कोणी फुकट नेऊ शकलं नाही."

झाकण ताईच्या स्वयंपाकघरात पिठाच्या कोठीवर बसवलंय. सात किरणं कोरलेली. उरलेल्यांचा खडू कधीच पुसला गेला. मधल्या गोलाशेजारी गोळीचं भोक. गेल्या वर्षी त्र्याव्हनाचा एक कारागीर आला होता, म्हणाला, पटाशी द्या, दोन दिवसांत सूर्य पुरा करतो, पैसे नकोत. मी नको म्हणालो. ते माझ्यामुळे अर्धं राहिलंय. तसंच दिसू दे.

"निदान भोक तरी बुजव," ताई म्हणाली. "किडे शिरतात, पीठ नासतं."

"नासू दे," मी म्हणालो.

ती पीठ मळता मळता थांबली आणि दाजीला हाक मारली, "अहो, इकडे या! बघा, हा काय बोलला!"